स्प्लेंडरच्या हँडलची बटणं बदलायची असतील, तर आधी ती का मोडली ते बघा

इंडिकेटरचं बटण मोडलं की दुकानात दोन वस्तू समोर येतात. एक, डाव्या बाजूची पूर्ण स्विच असेंब्ली, वायरी आणि कपलरसकट (कपलर म्हणजे वायरींचा पिनांचा प्लॅस्टिकचा जोड). दुसरी, प्लॅस्टिकच्या पिशवीला पिन मारलेला बटणांचा सेट. त्यात हॉर्न, इंडिकेटर, अपर-डिपर अशी तीन-चार बटणं असतात, आणि नशीब असेल तर दोन स्प्रिंगा. दुसरी वस्तू पहिलीच्या मानाने फारच स्वस्त, म्हणून बहुतेक जण तीच घेतात. जुनं बटण उपटायचं, नवं अंगठ्याने दाबून बसवायचं, झालं काम. पुढच्या पावसाळ्याच्या आत तेही तुटतं आणि मग सगळं खापर डुप्लिकेट मालावर फुटतं.

माल हलका असतो हे खरं. पण चांगल्या मालाचं बटणसुद्धा असंच तुटेल, कारण बटण हा या यंत्रणेतला सगळ्यांत नाजूक तुकडा आहे आणि मार खाणाराही तोच आहे. आतला सरकता भाग जाम होत जातो, अंगठा नकळत जास्त जोर लावत जातो, आणि एक दिवस बटणाचे दोन मिलिमीटर जाडीचे पाय हार मानतात. जाम झालेला भाग तसाच ठेवून वरचं बटण बदललं, तर नव्या बटणावर पहिल्या दिवसापासून जुनाच जोर पडतो. म्हणून बटण बदलायच्या कामात बटण बसवणं हा सगळ्यांत छोटा भाग आहे. खरं काम हाउसिंग, म्हणजे बटणांभोवतीचं प्लॅस्टिकचं कवच, उघडून आत काय झालंय ते बघण्याचं.

उदाहरण स्प्लेंडरचं घेतो आहे. १९९४ पासून ही गाडी रस्त्यावर आहे, सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात, आणि स्विचची रचना होंडा वळणाची असल्याने शाईन, पॅशन, युनिकॉर्न यांनाही बरंचसं लागू पडतं. पल्सर, अपाचे, बुलेट यांत स्क्रूच्या जागा आणि वायरचे रंग बदलतात, तत्त्व बदलत नाही.

आत काय असतं

हाउसिंगचे दोन अर्धे भाग हँडलच्या नळीभोवती बसतात आणि खालून दोन स्क्रूंनी आवळले जातात. बटणं आणि वायरी चालकाकडच्या भागात असतात. एका भागात आतून एक छोटी खुंटी असते, ती नळीला पाडलेल्या भोकात बसते. त्या खुंटीमुळेच हाउसिंग हँडलवर गोल फिरत नाही. तिचा विषय पुढे परत येईल.

प्रत्येक बटणामागे वेगळी यंत्रणा असते. हॉर्न आणि सेल्फ साधे: बटण दाबलं की स्प्रिंग दबते, पितळी पट्टी दोन ठिपक्यांना (वायरींना जोडलेल्या धातूच्या टोकांना) टेकते, सोडलं की स्प्रिंग मागे ढकलते. अपर-डिपरला दोन जागा. इंडिकेटर सगळ्यांत किचकट. बटणाखाली प्लॅस्टिकचा सरकता तुकडा असतो, त्यात स्प्रिंगवर बसलेली बारीक स्टीलची गोळी, आणि ती गोळी डावी, मधली, उजवी अशा खाचांमध्ये पडते. अंगठ्याला जो 'टक्' जाणवतो तो या गोळीचा. सरकत्या तुकड्याच्या पोटाला पितळी पट्टी असते, ती खालच्या पाटीवरच्या ठिपक्यांवरून घासत जाते. ज्या इंडिकेटरला मधोमध दाबून बंद करायची सोय असते, त्यात आणखी एक छोटी खिट्टी आणि एक स्प्रिंग वाढते.

कारखान्यात या सगळ्याला ग्रीस लावलेलं असतं. वर्षं जातात तसं त्यातलं तेल सुटून जातं, उरलेल्या भागात धूळ मिसळते आणि चिकट गाळ होतो. वर पाणी गेलं की पितळेवर हिरवा थर चढतो. कोकणात आणि गोव्यात हे फार लवकर होतं, कारण हवेतलं मीठ पाण्याबरोबर आत जातं आणि पाणी सुकलं तरी मीठ आतच राहतं. देशावर धूळ जास्त, हिरवा थर कमी, पण जाम तेवढंच.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर वॉशिंग सेंटरचा पंप. पाऊस वरून पडतो आणि हाउसिंग त्यासाठी बऱ्यापैकी तयार असतं. पंपाची धार समोरून, बटणाच्या फटीत, जोराने जाते. ती धार हँडलवर धरणाऱ्या पोराला थांबवणं हा या लेखातला सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. हँडल ओल्या फडक्याने पुसलं तरी स्वच्छ होतं.

उष्णतेने मेलेलं बटण वेगळं ओळखा

बटण तुटलेलं नाही, वितळून वाकडं झालंय किंवा आजूबाजूचं प्लॅस्टिक तपकिरी पडलंय, असं दिसलं तर साफसफाईने भागणार नाही. तिथे स्विचमधून त्याच्या ताकदीपेक्षा जास्त करंट गेलेला आहे.

हिशोब सोपा आहे. ३५ वॅटचा हेडलाइट बल्ब १२ व्होल्टवर साधारण २.९ अँपिअर घेतो. बॅटरीवर हेडलाइट चालणाऱ्या गाडीत कोणी १०० वॅटचा बल्ब टाकला, तर तोच आकडा ८.३ अँपिअर होतो. जुन्या, थोड्या काळवंडलेल्या ठिपक्याचा रोध ०.१ ओम धरला, तर पहिल्या बल्बला त्या ठिपक्यावर ०.८ वॅटच्या आसपास उष्णता होते आणि दुसऱ्याला जवळजवळ ७ वॅट. करंट तिपटीने वाढतो, उष्णता आठपटीने. शेंगदाण्याएवढ्या जागेत, बंद हाउसिंगमध्ये, ७ वॅट म्हणजे प्लॅस्टिक मऊ होणारच. जोडहॉर्न थेट जुन्या हॉर्नच्या वायरवर जोडले की हॉर्नच्या बटणाचं हेच होतं.

उपाय रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा वेगळा स्विच. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फ्यूज, फ्यूजपासून रिलेचं ३० नंबरचं टोक, ८७ मधून हॉर्न. स्विचकडून येणारी हॉर्नची जुनी वायर ८६ ला आणि ८५ अर्थला. मग बटणातून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, तो एक अँपिअरच्या पाव भागाच्याही आत असतो. मात्र ज्या जुन्या स्प्लेंडरचा हेडलाइट मॅग्नेटोवरून (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या भागावरून) थेट एसीवर चालतो, त्या हेडलाइटला हा साधा डीसी रिले जोडू नका. तो एसीवर नुसता घुरघुरतो. आणि त्या गाडीत मोठा बल्ब टाकून उजेडही वाढत नाही, कारण मॅग्नेटोची कॉइल तेवढी वीज देतच नाही.

उघडण्याआधी

लागणारं सामान: २ नंबरचा आणि १ नंबरचा स्टार स्क्रू ड्रायव्हर, टोकदार चिमटा, प्लॅस्टिकची पातळ पट्टी (जुनं एटीएम कार्ड चालतं), जुना दात घासायचा ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर, सिलिकॉनचं ग्रीस, मल्टिमीटर, पांढरं फडकं आणि एक मोठी पारदर्शक पिशवी.

स्क्रू ड्रायव्हर चांगला घ्या. यात काटकसर नको. होंडा वळणाच्या गाड्यांचे स्क्रू जपानी जेआयएस पद्धतीचे असतात, डोक्यावर अनेकदा बारीक ठिपका दिसतो. साधं फिलिप्सचं टोक त्या फुलीत तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर सरकतं आणि फुली गोल करून टाकतं. जेआयएस टोक मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर फिलिप्सचं टोक जरासं घासून बोथट केलं की ते खोल बसतं. स्क्रू गंजलेला असेल तर गंजाचं तेल मारून दहा मिनिटं थांबा, टोक फुलीत ठेवून मुठीवर हातोडीने दोन हलके ठोके द्या, आणि आधी किंचित आवळून मग सोडवा.

चावी काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायरही सोडा. चावी बंद असली की हाउसिंगमध्ये वीज नसते, हे कंपनीच्या वायरिंगपुरतं खरं. मधे कोणी हॉर्न थेट बॅटरीवर ओढून दिलेला असतो, मोबाइल चार्जरसाठी भलतीकडून वायर काढलेली असते. ते उघडल्यावर कळण्यापेक्षा आधी सोडलेलं बरं.

हाउसिंग उघडणं

खालचे दोन्ही स्क्रू सोडवा. अनेक हाउसिंगांत एक लांब आणि एक आखूड असतो. लांब स्क्रू आखूडच्या जागी घातला तर तो टोकाला टेकतो, आवळल्यासारखा वाटतो आणि हाउसिंग मात्र ढिलंच राहतं. जास्त जोर दिला तर प्लॅस्टिक फुटतं. फडक्यावर जागेनुसार ठेवा.

दोन्ही भाग कार्डाने हळू विलग करा. इथे लगेच काही ओढू नका. वायरी कुठून वळतात, कोणती कोणत्या खाचेत दाबलेली आहे, याचे चार बाजूंनी फोटो घ्या. परत बसवताना जी वायर खाचेबाहेर राहते तीच दोन भागांत चिमटते आणि महिन्याभराने फ्यूज उडवायला लागते. हा दोष शोधायला गॅरेजमध्ये अख्खा दिवस जातो, कारण तो फक्त हँडल एका बाजूला वळवल्यावर येतो.

उजवी बाजू उघडत असाल तर तिथे ॲक्सिलरेटरची केबलही त्याच हाउसिंगमध्ये अडकवलेली असते. केबलच्या टोकाची बारीक गाठ मुठीच्या पाइपच्या खाचेतून निसटते. निसटली तर घाबरायचं कारण नाही, पण परत कोणत्या बाजूने बसते ते आधी बघून ठेवा.

बटण काढणं

बटणं साधारण तीन प्रकारांनी बसवलेली असतात आणि प्रकार ओळखल्याशिवाय ओढणं म्हणजे आतला तुकडाही मोडणं.

नुसतं दाबून बसवलेलं बटण एका चपट्या दांडीवर असतं. ते सरळ बाहेर ओढायचं, बाजूला वाकवायचं नाही. दांडी आणि सरकता तुकडा एकच असतो, दांडी तुटली की बटणांचा सेट निरुपयोगी आणि असेंब्लीच घ्यावी लागते. जुन्या बटणाचा उरलेला भाग दांडीवर घट्ट बसला असेल तर त्याला चिमट्याने दोन्हीकडून चिरडून तुकडे करून काढा. त्याचं आता काही वाचवायचं नाही.

दुसऱ्या प्रकारात मागून बारीक स्क्रू असतो. त्यासाठी स्विचची पाटी सोडवून पुढे घ्यावी लागते. पाटी वायरींना डाग दिलेली (सोल्डर केलेली) असते, म्हणून तिला लोंबकळू देऊ नका.

तिसरा प्रकार हॉर्न आणि सेल्फचा: बटणाला दोन बाजूंना आकडे असतात, ते हाउसिंगच्या आतल्या बाजूला अडकतात. आतून दोन्ही आकडे एकाच वेळी चिमट्याने आत दाबायचे आणि बटण समोरून बाहेर येऊ द्यायचं. मागे स्प्रिंग आहे हे विसरू नका.

इंडिकेटरचा सरकता तुकडा काढायची वेळ आली तर हात, हाउसिंग आणि चिमटा सगळं पारदर्शक पिशवीत घालून काढा. ती स्टीलची गोळी आणि स्प्रिंग सुटते तेव्हा दिसत नाही, फक्त आवाज येतो. पिशवी नसेल तर गोळी फरशीच्या फटीत गेली असं समजा. तेवढ्या मापाची गोळी सायकलच्या दुकानात मिळू शकते, पण स्प्रिंग मिळत नाही, आणि पेनातली स्प्रिंग कापून घातली तर एक तर फार कडक होते नाहीतर टक्च लागत नाही.

साफसफाई, म्हणजे मुख्य काम

गाळ झालेलं ग्रीस आधी सुक्या कापसाने किंवा लाकडी काडीने उचला. मग अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या ब्रशने सरकता तुकडा, त्याची वाट, गोळीच्या खाचा घासा. पाटीवरचे ठिपके पुसा. तीन-चार फेऱ्या लागतात. फडक्यावर काळं-हिरवं उमटणं बंद झालं की थांबा.

पेट्रोल वापरू नका. गॅरेजमध्ये हात त्याच्याकडेच जातो, पण पेट्रोलने काही प्लॅस्टिकांना, विशेषतः पॉलिकार्बोनेटला, ताणाच्या जागी बारीक तडे जातात. त्या दिवशी दिसत नाहीत, नंतर बटण तिथूनच तुटतं. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर एबीएस प्लॅस्टिक विरघळवतात. गंजाच्या तेलाचा स्प्रे मारून 'स्विच मोकळा झाला' असं वाटतं ते आठवडाभर खरं असतं. नंतर त्याचा चिकट थर राहतो आणि धूळ पकडतो.

काळवंडलेल्या ठिपक्यांना शाळेतलं खोडरबर पुरतं. जास्त असेल तर १५०० किंवा २००० नंबरच्या पॉलिश पेपरचा छोटा तुकडा, दोन-तीन हलके हात. कानस किंवा ब्लेड नको. चांगल्या स्विचच्या ठिपक्यांवर चांदीचा पातळ मुलामा असतो, तो गेला की खालचं तांबं-पितळ पहिल्यापेक्षा लवकर काळं पडतं. पितळी पट्टीचे पाय सपाट झाले असतील तर चिमट्याने किंचित, अगदी अर्धा मिलिमीटर, वर उचला म्हणजे दाब परत येतो. एकदाच. दोन-तीनदा वाकवलं की पट्टी तुटते.

आता ग्रीस. सरकत्या वाटेवर आणि गोळीच्या खाचेत सिलिकॉनचं ग्रीस, सगळ्या स्विचला मिळून काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढं. ठिपक्यांवर त्याचा दिसेल न दिसेल इतका पातळ हात. ते ग्रीस वीज वाहून नेत नाही, पाणी दूर ठेवतं. जाड थर दिला तर पट्टी आणि ठिपक्याच्या मधे तेच येतं आणि इंडिकेटर कधी लागतो, कधी नाही. चेनचं किंवा बेअरिंगचं ग्रीस इथे नको.

या टप्प्यावर बटण न लावता नुसती दांडी बोटाने सरकवून बघा. ती एका बोटाने, नखाच्या टोकाने सरकली पाहिजे आणि प्रत्येक खाचेत स्पष्ट 'टक्' आला पाहिजे. तशी सरकत नसेल तर नवं बटण बसवूच नका. कुठे अडतंय ते शोधा. बहुतेक वेळा वाटेच्या कोपऱ्यात राहिलेला गाळ किंवा वाकलेली स्प्रिंग सापडते.

पल्सरसारख्या गाडीत बटणं मागून उजळतात. तिथे आत एलईडी असतात, म्हणून क्लीनरचा फवारा थेट मारू नका, ब्रशवर घेऊन लावा.

नवं बटण

पिशवीतून काढलेलं बटण थेट बसवू नका. साच्यातून निघताना कडेला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा राहतो, तो बटणाला हाउसिंगच्या कडेवर घासत ठेवतो. ब्लेडने तो काढा. मग बटण हाउसिंगच्या खिडकीत नुसतं धरून हलवून बघा, चारही बाजूंना कागद जाईल एवढी फट हवी.

आकडे असलेलं बटण नायलॉनचं असेल तर ते आधी गरम पाण्यात ठेवा, हात बुडवता येणार नाही पण उकळतही नसेल असं, साधारण ६० ते ७० अंशांचं, दहा-पंधरा मिनिटं. नायलॉन पाणी शोषून लवचीक होतं. दुकानात वर्षभर कोरडं पडलेलं नायलॉन ठिसूळ असतं आणि पहिल्याच दाबात आकडा तुटतो. एबीएसला या पाण्याचा एवढा फायदा नाही, पण थंडीच्या दिवसांत कोमट केलेलं बरं.

बसवताना चिन्हाची दिशा बघा. अपर-डिपरचं बटण उलटं बसलं की डिपरच्या चिन्हाकडे ढकलल्यावर अपर लागतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जातो. दोन्ही आकड्यांचे दोन वेगळे आवाज यायला हवेत. एकच आला तर दुसरा अर्धवट आहे.

फेवीक्विक लावायचा मोह सगळ्यांना होतो. त्याचा पातळ थेंब फटीतून आत ओढला जातो आणि साफ केलेला सरकता तुकडा कायमचा चिकटतो. वाफेने बटणाभोवती पांढरा डाग पडतो तो वेगळा. शिवाय अशा सरकत्या तुकड्यांना वापरतात त्या ॲसिटल प्लॅस्टिकला ते नीट धरतही नाही. जुनंच बटण वाचवायचं असेल, सेटमधलं रंगाला जुळत नाही म्हणून किंवा गाडी जुनी आहे आणि बटण मिळतच नाही म्हणून, तर तुटलेल्या पायात आणि बटणात १ मिलिमीटरचं भोक समोरासमोर पाडा. त्यात स्टीलच्या तारेचा ५-६ मिलिमीटरचा तुकडा घाला आणि दोन भागांचं इपॉक्सी टाचणीच्या टोकाने लावा. चोवीस तास हात लावू नका. तार आतल्या पितळी पट्टीला टेकत नाही ना हे बघा, नाहीतर हॉर्न दाबल्यावर अंगठ्याखाली भलताच कारभार सुरू होईल. गरम डाग देऊन प्लॅस्टिक वितळवून जोडणं मात्र टिकत नाही, जोडाची जागा ठिसूळ होते.

सेट घेताना चिन्हं नखाने खरवडून बघा. नुसता छापील रंग लगेच निघतो. कोरून भरलेलं किंवा दोन रंगांच्या प्लॅस्टिकचं चिन्ह राहतं. मागून उजळणारी बटणं अर्धपारदर्शक प्लॅस्टिकला काळा रंग देऊन, चिन्हापुरता रंग लेझरने उडवून करतात. अंगठ्याने आणि उन्हाने तो काळा रंगच जातो आणि मग रात्री सगळं बटण पांढरं उजळतं. अशा बटणाला वरून रंग मारून उपयोग नाही, बदलावंच लागतं.

मीटर लावा, मग आवळा

हाउसिंग बंद करण्याआधी कपलर सोडून मल्टिमीटरने तपासा. होंडा वळणाच्या वायरिंगमध्ये राखाडी वायर फ्लॅशरकडून (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीकडून) येते, नारिंगी डाव्या इंडिकेटरची, फिकट निळी उजव्याची. बटण डावीकडे असताना राखाडी-नारिंगी जुळली पाहिजे, उजवीकडे राखाडी-फिकट निळी, मधे कोणतीच नाही. फिकट हिरवी हॉर्नची, निळी अपरची, पांढरी डिपरची, हिरवी अर्थची. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध आधी टोकं एकमेकांना लावून बघा, तो साधारण ०.२ ते ०.३ ओम असतो. स्विचचं माप त्याच्या वर फार जायला नको. यामाहात रंग वेगळे: गुलाबी हॉर्नची, गडद चॉकलेटी डाव्या इंडिकेटरची, गडद हिरवी उजव्याची आणि अर्थ काळी. होंडाच्या सवयीने काळ्या वायरला पॉझिटिव्ह समजलात तर यामाहात फसाल.

आकडे बरोबर आले तरी खरी परीक्षा लोडवर. सगळं जोडून, हॉर्न दाबून, स्विचच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज मोजा. ०.२ व्होल्टच्या आसपास असेल तर उत्तम, अर्धा व्होल्ट किंवा जास्त असेल तर ठिपके अजून घाण आहेत किंवा वायरचा डाग सैल आहे. डाग परत द्यायचा असेल तर २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री, दोन-तीन सेकंद. जास्त वेळ टेकवली की ठिपका प्लॅस्टिकमध्ये तिरका बसतो.

हाउसिंग बसवताना खुंटी नळीच्या भोकात बसल्याची हाताने खात्री करा: हाउसिंग पुढे-मागे फिरवून बघा, हलता कामा नये. मग पुढचा स्क्रू आधी पूर्ण आणि नंतर मागचा. फट राहिलीच तर ती मागच्या बाजूला राहते आणि पुढून येणारं पावसाचं पाणी आत जात नाही. बोटाने लागेल तेवढा लावून वर पाव फेरा पुरे. आटे प्लॅस्टिकमध्ये असतात.

ज्यांनी हँडल बदलून रुंद किंवा सरळ नळी लावली आहे, त्यांच्या हँडलला बहुधा ते भोकच नसतं. मग मेकॅनिक खुंटी कापून टाकतो आणि स्क्रू करकचून आवळतो. डाव्या बाजूला फार तर इंडिकेटर लावताना हाउसिंग सरकेल. उजव्या बाजूला तेच हाउसिंग ॲक्सिलरेटरबरोबर फिरतं आणि केबल ओढली जाते. खुंटी कापू नका. तिचा व्यास मोजून तेवढंच भोक नळीच्या एका भिंतीला पाडा, वळणापासून दूर.

उजवी बाजू उघडली असेल तर गाडी सुरू करण्याआधी मूठ पूर्ण फिरवून सोडा, ती स्वतःहून झटकन बंद झाली पाहिजे. हँडल डावीकडे टोकापर्यंत, उजवीकडे टोकापर्यंत नेऊन हेच परत करा. मुठीच्या कडेला मोजलेली मोकळी चाल २ ते ६ मिलिमीटर असावी. मग गाडी न्यूट्रलला सुरू करून हँडल दोन्हीकडे वळवा. इंजिनचा आवाज चढला तर केबल कुठेतरी ताणली जाते आहे.

असेंब्लीच कधी घ्यावी

दांडी तुटली, पाटी वितळली किंवा ठिपका निघाला तर बटणांच्या सेटवर पैसे घालू नका. असेंब्ली घ्या, आणि घेताना जुनी सोडून हातात घेऊन जा. फक्त मॉडेलचं नाव सांगून चालत नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांचा हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत कायम चालू ठेवणं बंधनकारक झालं, त्यामुळे उजव्या हाउसिंगमधून हेडलाइटचं बटण गेलं. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हा धुराचा नवा निकष आला तेव्हा पुन्हा बदल झाले. एकाच नावाच्या गाडीच्या २०१५, २०१८ आणि २०२१ च्या असेंब्लीत कपलरच्या पिना वेगळ्या असू शकतात. पुण्यात नाना पेठेत किंवा कुठल्याही मोठ्या स्पेअरच्या बाजारात दुकानदार कपलर समोर ठेवून जुळवतो आणि पाच मिनिटांत काम होतं.

कपलर जुळत नसेल आणि 'वायर कापून जोडून देतो' असं उत्तर आलं, तर दुसरं दुकान बघा. नुसत्या पिळलेल्या आणि टेप गुंडाळलेल्या जोडांमध्ये पाणी शिरतं, आणि हेडलाइटच्या मागे असे आठ-नऊ जोड असले की पुढचा दोष स्विचमध्ये शोधायचा की जोडात, हेच कळत नाही. दुसरा पर्याय नसेलच तर प्रत्येक जोडाला डाग द्या, वर हीट श्रिंक नळी चढवा, आणि सगळे जोड एकाच जागी न ठेवता दोन-दोन सेंटिमीटर मागे-पुढे घ्या, म्हणजे गुंडाळी फुगत नाही आणि हँडल वळताना फ्रेमवर घासत नाही.